एल आकाराचा ओटा: एक सांधा कोपऱ्यात, दुसरा हॉबच्या कट-आउटमधून. चालेल का? आणि वॉरंटीचं काय?

प्राची_डोंबिवली

नमस्कार मंडळी. स्वयंपाकघराचं काम काढलंय आणि एका प्रश्नावर गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया वेळ काढून उत्तर द्यावं, कारण येत्या आठवड्यात शीट कापायला घेणार आहेत.

पाचवा मजला, जुनी इमारत, लहान लिफ्ट. जुना ग्रॅनाइटचा ओटा काढून सॉलिड सरफेसचा (अॅक्रिलिक आणि खनिज पुडीची कृत्रिम शीट) करतोय. रंग साधा पांढरा, शीट १२ मिमीची. ओटा एल आकाराचा. लांब बाजू ३२५० मिमी, आखूड बाजू भिंतीपासून २००० मिमी, ओट्याची पुढून मागे खोली ६२०. चार बर्नरचा हॉब (ओटा कापून त्यात बसवायची गॅसची शेगडी) लांब बाजूच्या साधारण मधोमध. सिंक आखूड बाजूच्या टोकाला, खिडकीखाली, आणि सिंक व कोपरा यांच्यामध्ये डिशवॉशर.

फॅब्रिकेटरने (शीट कापून, जोडून ओटा बनवणाऱ्याने) दिलेल्या ड्रॉइंगमध्ये ओटा तीन तुकड्यांत आहे. एक सांधा आतल्या कोपऱ्यातून मागच्या भिंतीपर्यंत तिरका, ४५ अंशात. दुसरा बरोबर हॉबच्या कट-आउटच्या मध्यातून. त्याचं म्हणणं, हॉबच्या जागी मधला भाग कापूनच जातो, त्यामुळे सांधा फक्त पुढे-मागे चार-चार बोटं उरतो, घासायला सोपा आणि दिसतही नाही. "मॅडम, जॉइंट शोधून दाखवा," असं म्हणाला. नमुना दाखवला तेव्हा खरंच सापडला नाही.

वॉरंटीबद्दल विचारलं तर म्हणाला, शीटवर कंपनीची दहा वर्षं आहे, जॉइंटचं काही झालं तर आम्ही आहोतच. लेखी द्या म्हटलं तर विषय बदलला.

आमच्याकडे स्वयंपाक भरपूर. सासूबाई पुरणपोळ्या करतात तेव्हा हॉब तीन-चार तास सलग चालू असतो, दिवाळीत तळणीची मोठी कढई हॉबच्या बाहेर डोकावते. माझं मन म्हणतंय की आगीच्या इतक्या जवळ सांधा नको, पण मला त्यातलं कळत नाही. सांध्याची जागा ठरवण्याचे काही नियम असतात का? आणि वॉरंटी नेमकी कशावर असते?

निशा_कोथरूड

प्राची, थांबव काम. आमच्याकडे तिरका सांधा अगदी कोपऱ्यातच होता. बसवला तेव्हा सुंदर दिसायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात आतल्या कोपऱ्यापासून केसासारखी चीर निघाली, पावसाळ्यात तिच्यात काळपट मळ बसला. कंपनीचा माणूस आला, फोटो काढले आणि म्हणाला की शीटमध्ये दोष नाही, जोडणीत आहे, फॅब्रिकेटरशी बोला. तोवर फॅब्रिकेटरने दुकानाची जागा बदलली होती. बिलावर फक्त "किचन टॉप, पूर्ण काम" एवढंच लिहिलेलं.

राउटर_भोसरी

प्राचीताई, मी भोसरीत सॉलिड सरफेसचंच काम करतो. ओटे, हॉस्पिटलचे काउंटर, आणि हल्ली मागून दिवे लावलेले देव्हारे. तुमचं ड्रॉइंग जसं लिहिलंय तसं असेल तर दोन्ही सांधे चुकीच्या जागी आहेत. का ते नीट सांगतो, म्हणजे त्या माणसाशी बोलताना तुम्हाला मुद्दा धरता येईल.

आधी सामान समजून घ्या. ही शीट म्हणजे साधारण एक तृतीयांश अॅक्रिलिक आणि दोन तृतीयांश अॅल्युमिना ट्रायहायड्रेट नावाची खनिज पूड. ड्यूपाँट कंपनीने १९६७ मध्ये 'कोरियन' (Corian) या नावाची अशी शीट तयार केली तेव्हापासून मूळ रेसिपी हीच. पूड दगडासारखी, पण वागणूक ठरवतं ते अॅक्रिलिक. म्हणून ही शीट ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त फुगते आणि आकसते. मीटरमागे, दर अंशाला ०.०३५ मिमीच्या आसपास. तुमची ३२५० ची बाजू ३० अंशांनी तापली तर साडेतीन मिमीच्या जवळपास वाढू पाहते. हे एकदा डोक्यात बसलं की सांध्याचे सगळे नियम आपोआप कळतात.

आता हॉब. कट-आउट काढल्यावर ओट्याची पूर्ण रुंदी तिथे उरत नाही. पुढे सत्तर-ऐंशी मिमीची पट्टी आणि मागे तेवढीच, बस. हॉब तीन तास चालला की आजूबाजूचा भाग तापतो आणि फुगू पाहतो, पण बाकीचा ओटा थंड असतो, तो त्याला फुगू देत नाही. तापलेलं अॅक्रिलिक थोडं मऊ पडून त्या दाबाखाली बसतं. मग गॅस बंद. आता तोच भाग आकसायला लागतो आणि सगळा ताण त्या दोन अरुंद पट्ट्यांवर येतो. चीर बहुतेक वेळा निवताना पडते, तापताना नाही. आणि तुमचा फॅब्रिकेटर नेमका त्याच पट्ट्यांमध्ये सांधा घालतोय. सांधा लहान आहे हे तो फायदा म्हणून सांगतो. लहान सांधा म्हणजे ताण पेलायला कमी जागा.

दिसतो की नाही हा प्रश्नच वेगळा आहे. साध्या पांढऱ्या रंगात चांगल्या हाताने केलेला सांधा कुठेही केला तरी दिसत नाही. मोठ्या दाण्यांच्या किंवा शिरांच्या रंगात तो दिसतो, तिथे जागा लपवायचा विचार समजू शकतो. तुमच्या रंगात ती अडचणच नाही, मग वाईट जागा निवडायचं कारण काय?

हॉबमधून सांधा न्यायचा नाही, कुठल्याही कट-आउटच्या कडेपासून तो किमान ७५ मिमी लांब ठेवायचा, हे या धंद्यात शिकताना पहिल्या दिवसापासून सांगतात. डिशवॉशरच्या वर सांधा टाळायचा, कारण खालून वाफ आणि ऊब, शिवाय खाली आधार नाही. आतल्या कोपऱ्यातही सांधा नको. ओट्यावर कुणी हात टेकून उभं राहिलं, कॅबिनेट जरा बसलं, शीट आकसली, तरी प्रत्येक वेळी ताण जमा होतो तो आतल्या कोपऱ्याच्या टोकाशी. म्हणून तो कोपरा काटकोनात टोकदार कापत नाहीत, किमान १२-१३ मिमीची गोलाई देतात, आणि ती गोलाई अखंड शीटमधली असली पाहिजे. तिरका सांधा नेमका त्या टोकालाच संपतो. निशाताईंकडे हेच झालं.

मग करायचं काय? तुमच्या मापात उत्तर सोपं आहे, मला तर ड्रॉइंग वाचूनच राहवलं नाही. शीट ७६० मिमी रुंद आणि ३६५८ मिमी लांब मिळते. ओट्याची खोली ६२०. म्हणजे कडा साफ करूनही रुंदीत सव्वाशे मिमी शिल्लक. लांब तुकडा कापताना कोपऱ्याच्या टोकाला ती शिल्लक कापून टाकायची नाही. तिथे शीट पुढे वाढीव ठेवायची आणि आतल्या कोपऱ्याची गोलाई त्याच अखंड तुकड्यात राउटरने (कडा कापायच्या फिरत्या पात्याच्या यंत्राने) काढायची. आखूड तुकडा त्या वाढीव भागाला सरळ काटकोनात जोडायचा. सांधा कोपऱ्यापासून किमान २५ मिमी सरकला पाहिजे, मी जमेल तिथे ७५ पर्यंत नेतो. बाकी लांबीत जी अरुंद पट्टी उरते ती फुकट जात नाही. पुढच्या कडेची जाडी तिच्यातून होते आणि सांध्याखालचा आधारही.

आणि ३२५० ही लांबी ३६५८ च्या शीटमध्ये अखंड बसते! दुसऱ्या सांध्याची गरजच नाही. तो सांधा दोनच कारणांनी येतो: उरलेले तुकडे खपवायचे, किंवा लांब तुकडा जिन्यातून वर जात नाही. पहिलं कारण असेल तर ठाम नाही म्हणा. दुसरं असेल तर ते खरं कारण आहे, त्यावर बोलता येईल.

सांधा करताना समोर उभं राहून या गोष्टी बघा. दोन्ही कडा राउटरने एकसारख्या घेतलेल्या हव्यात, करवतीच्या नाहीत. ग्लू न लावता तुकडे जुळवून दाखवायला सांगा, मधून उजेड दिसता कामा नये. पुसायला पांढरं कापड आणि अल्कोहोल, रंगीत फडकं नको, त्याचा रंग सांध्यात उतरतो. ग्लू दोन भागांचा, त्या रंगासाठी कंपनीने दिलेला, आणि ट्यूबवरची तारीख वाचा. क्लॅम्प जेमतेम आवळायचे. जास्त आवळलं की ग्लू सगळा बाहेर येतो, सांधा उपाशी राहतो आणि काही महिन्यांनी रेघ दिसू लागते. वर आलेला ओला ग्लू पुसायचा नाही. तासभर तरी थांबायचं, नख रुतलं नाही की मगच घासायचं. घाई करून घासलं तर ग्लू नंतर आकसतो आणि बोटाला बारीक खळगा लागतो.

सांध्याच्या खाली त्याच शीटची साधारण १०० मिमी रुंद पट्टी, पुढून मागपर्यंत सलग, चिकटवलेली हवी. तीन ठिकाणी तीन ठोकळे लावून भागवतात, ते मान्य करू नका. हे काम खाली असतं, ओटा बसल्यावर कुणी बघत नाही, म्हणूनच सगळ्यात जास्त काटछाट इथे होते. बसवण्याआधी फोटो काढा.

हॉबच्या कट-आउटचे चारही कोपरे गोल, खालून कोपऱ्यांना त्याच शीटचे ठोकळे, कडा काचपेपरने गुळगुळीत. करवतीचा एक बारीक ओरखडा राहिला तरी चीर तिथून सुरू होते. कडेभोवती अॅल्युमिनियमची टेप, हॉबच्या बॉडीला शीट टेकायला नको, चहूबाजूंनी थोडी मोकळी जागा.

आर्किटेक्ट_नाशिक

वरचं उत्तर छापून भिंतीला लावावं असं आहे. मी फक्त कागदांबद्दल लिहितो.

वॉरंटी दोन असतात आणि लोक त्या एक समजतात. शीट बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी मालाच्या दोषावर असते. सांधा, कट-आउट, आधार, बसवणं ही फॅब्रिकेटरची जबाबदारी. काही ब्रँड बसवलेल्या ओट्यावरही वॉरंटी देतात, पण त्यांनी प्रशिक्षण दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या फॅब्रिकेटरनेच, त्यांच्या सूचनांप्रमाणे आणि त्यांचाच ग्लू वापरून काम केलं असेल तर. सांधा हॉबमधून गेलेला असला की कंपनीला नाही म्हणायला कारण तयार असतं. त्यामुळे प्राची, "कंपनीची दहा वर्षं" हे वाक्य खरं असूनही तुमच्या उपयोगाचं नसू शकतं. वॉरंटी कार्ड कापण्याआधी मागा आणि पूर्ण वाचा. उष्णतेने झालेलं नुकसान, ओरखडे, चुकीची रसायनं, नंतर केलेले बदल हे सहसा वगळलेलं असतं. तीन वर्षांनी मोठा हॉब आणला आणि ओळखीच्या सुताराने कट-आउट वाढवून दिला, तर तिथून पुढे बोलायला जागा उरत नाही.

तुमच्या फॅब्रिकेटरची मान्यता त्याच्या व्हिजिटिंग कार्डावरून ठरवू नका. ब्रँडच्या कार्यालयाला ईमेल करून विचारा, उत्तर लेखी येतं.

माझ्याकडे काम निघतं तेव्हा सांधे दाखवलेलं, मापं घातलेलं ड्रॉइंग हाच कराराचा भाग असतो. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय शीट गाडीतून उतरत नाही. बिलावर ब्रँड, रंगाचा कोड, जाडी, शीटची संख्या आणि लॉट नंबर. शीटच्या मागे छापलेला मजकूर आणि लेबल यांचा फोटो. दोन शीट लागत असतील तर एकाच लॉटच्या घ्या, पांढऱ्यातही छटा बदलते आणि मग सांधा कितीही चांगला असो, दोन रंग समोरासमोर येतात. सांध्यांची हमी किती वर्षं, चीर पडल्यास दुरुस्ती कोण आणि कुणाच्या खर्चाने करणार, हे एका ओळीत लिहून घ्या. शेवटचा हप्ता बसवून, घासून, पाणी टाकून बघितल्यानंतर.

वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष सेवेसाठी जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पण आयोगापुढेही शेवटी हेच ड्रॉइंग आणि हेच बिल लागतं. निशाताईंच्या बिलासारखं "पूर्ण काम" लिहिलेलं असेल तर सिद्ध करायला फार जड जातं.

प्राची_डोंबिवली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. राउटर_भोसरी, तुमचं उत्तर मी आणि नवऱ्याने दोनदा वाचलं. आज फॅब्रिकेटरशी बोलले. कोपऱ्याची गोलाई अखंड शीटमध्ये काढायला तो तयार झाला, "करता येईल, पण वेळ लागेल" म्हणाला. हॉबमधल्या सांध्याचं कारण मात्र जिनाच आहे. लिफ्टमध्ये सव्वातीन मीटरचा तुकडा जाणं शक्य नाही.

अजून दोन शंका. कोपऱ्यापासून सांधा ७५ मिमी सरकवला तर तो डिशवॉशरच्या वर येतो, कारण डिशवॉशर कोपरा संपल्याबरोबर सुरू होतो. आणि खालचा कडप्पा तसाच ठेवून त्यावर शीट चिकटवू, भिंतीत खाच करून घुसवू, पक्कं बसेल असं तो म्हणतो. हे बरोबर आहे का?

राउटर_भोसरी

ताई, डिशवॉशरची शंका अगदी योग्य काढलीत. कोपऱ्याला चिकटून डिशवॉशर तसंही ठेवता येत नाही, लांब बाजूच्या ट्रॉलीचं हँडल त्याच्या दाराला अडतं. कोपरा आणि डिशवॉशर यांच्यामध्ये ८० मिमीची उभी फिलर पट्टी (मधली जागा भरून काढणारी फळी) घ्या आणि डिशवॉशरच्या बाजूला वरपर्यंत पॅनल. सांधा कोपऱ्यापासून ४५ मिमीवर घ्या, म्हणजे तो फिलरवर येतो, गोलाई संपल्यानंतर आणि डिशवॉशर सुरू होण्याआधी. दोन्ही बाजूंना आधार मिळतो. हिशेब बघा: ६२० अधिक ८०, त्यापुढे ६०० चं डिशवॉशर, म्हणजे १३००. सिंकला ७०० उरतात, पुरेसे आहेत. डिशवॉशरसोबत वाफ अडवणारी चिकटपट्टी मिळाली असेल तर ती ओट्याच्या खालच्या बाजूला लावायला विसरू देऊ नका.

कडप्प्याचं म्हणाल तर भिंतीत घुसवायचं बिलकुल नाही. कडप्पा आणि ग्रॅनाइट खाच करून सिमेंटमध्ये बसवायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि त्या दगडांना ती चालते. या शीटला हलायला जागा लागते. भिंतीपासून चहूकडे किमान ३ मिमी फट, ती सिलिकॉनने भरायची. सिलिकॉन दबतं आणि ताणतं, सिमेंट नाही. साडेतीन मिमी वाढू पाहणारी शीट दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये पकडली तर ती कुठेतरी फुटणारच, आणि फुटेल ती हॉबच्या कोपऱ्यात.

कडप्प्यावर सगळीकडे ग्लू फासून चिकटवणंही नको. खाली आधाराच्या पट्ट्यांची चौकट करा, ६०० मिमीपेक्षा जास्त अंतर न ठेवता, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना ७५ मिमीच्या आत एकेक पट्टी. शीट त्यावर सिलिकॉनच्या ठिपक्यांनी बसवायची. कडप्पा ठेवायचाच असेल तर तो समपातळीत आहे का ते लांब पट्टी टाकून बघा. आपल्याकडचे जुने ओटे सिंककडे उतार देऊन केलेले असतात, त्यावर शीट टाकली तर ती मध्ये लोंबते.

आता जिना. लांब तुकडा ४५ किलोच्या आसपास भरेल, चार माणसं आरामात नेतात. आडवा कधीच न्यायचा नाही, कडेवर उभा धरून. हॉबचं कट-आउट कारखान्यात काढलं असेल तर त्या दोन अरुंद पट्ट्या वाटेतच मोडतात, म्हणून मी ते ओटा जागेवर ठेवल्यावर कापतो. धूळ होते, पण व्हॅक्यूम लावून आणि दाराला प्लॅस्टिक बांधून सांभाळता येते. वर जातो की नाही हे अंदाजाने ठरवू नका. ३२५० बाय ७०० चा पुठ्ठा किंवा पातळ प्लाय जोडून दोघांनी एकदा जिन्यातून फिरवून बघा, प्रत्येक वळणावर.

नाहीच गेला तर दुसरा सांधा घ्यावाच लागेल, पण हॉब आणि कोपरा यांच्यामधल्या सपाट भागात घ्या. तुमचा हॉब मध्यावर आहे, त्यामुळे कट-आउटच्या कडेपासून ३००-४०० मिमी अंतर सहज मिळतं. खाली कॅबिनेटचं पार्टिशन येईल अशी जागा धरा. पुढच्या कडेच्या पट्टीचा सांधा वरच्या सांध्याच्या बरोबर खाली येऊ देऊ नका, तो बाजूला सरकवा.

आधी जिन्याचं बघून घ्या. लँडिंगची रुंदी आणि वळणावरची उंची मिमीमध्ये लिहून टाका, शक्य असेल तर कठड्यासकट फोटो. मग तुकडा वळेल का ते मी मापावरून सांगतो.